“सध्या काय वाचतेयस?” आणि चार महिन्यांचं खोटं

पत्र :

ताई, आम्ही कॉलेजच्या पाच मैत्रिणी, आता पाच गावांत, त्यातली एक कॅनडात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या रात्री आणि तिच्या सकाळी व्हिडिओ कॉल करतो आणि प्रत्येकीने सध्या काय वाचतेय ते सांगायचं, एवढाच नियम. एक जण चौदा खंडांची फॅन्टसी सिरीज वाचतेय, आठव्या खंडावर आहे, ती बोलायला लागली की नावंच कळत नाहीत. पुण्याची मैत्रीण फक्त क्लासिक वाचते. तिने चार महिन्यांपूर्वी व्हिक्टर ह्यूगोचं ‘ले मिझेराब्ल’ सुरू केलं आणि मीही उत्साहात म्हटलं, चल, दोघी मिळून वाचू. ताई, मी अकराव्या प्रकरणावर अडकलेय. चार महिने तिथेच. ते पाद्रीबुवांचं वर्णन संपतच नाही. पण दर कॉलला मी ‘छान चाललंय’ म्हणते, आधी नेटवर सारांश वाचून घेते आणि त्यावर बोलते. या काळात मी भाचीकडून आणलेली दोन ग्राफिक नॉव्हेल्स वाचली, ‘भीमायन’ आणि ‘माउस’. ‘माउस’ दोन संध्याकाळींत संपवलं आणि रडले. पण कॉलवर ते सांगितलं नाही, कारण आमच्यातली एक नेहमी म्हणते की चित्रांची पुस्तकं मुलांसाठी असतात. तर, ते जाडं पुस्तक सोडून देऊ का? चित्रांचं वाचन हे वाचन धरायचं का? आणि आता खरं कसं सांगू?
– नि., नाशिक

उत्तर :

नि., तू खरंच जे वाचलंस त्याला पत्रात तू चार ओळी दिल्यास आणि न वाचलेल्या पुस्तकाला सगळं पत्र. म्हणून मी आधी वाचलेल्यापासूनच सुरू करते.

‘माउस’ दोन संध्याकाळींत संपवून रडलीस, आणि वर विचारतेस की हे वाचन धरायचं का. अगं, आर्ट स्पीगलमनने ते पुस्तक १९८० ते १९९१ अशी अकरा वर्षं एका नियतकालिकातून तुकड्यातुकड्याने छापलं, १९९२ साली त्याला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराचं जाऊ दे. तुला त्यातला म्हातारा बाप आठवतोय ना, व्लादेक, रस्त्यात पडलेली टेलिफोनची वायर उचलून खिशात घालणारा, गोळ्या मोजत बसणारा, अर्धं संपलेलं खाण्याचं खोकं दुकानात परत करायला निघणारा? नाझींच्या छळछावणीतून जिवंत आलेला माणूस म्हणजे कुणीतरी थोर असणार असं आपण धरून चालतो आणि हा तर सुनेला नकोसा होतो, मुलाला नकोसा होतो, आणि तरी त्याची एकेक कंजुषी कुठून आलीये ते त्याच्याच तोंडून आपल्याला कळत जातं. हे मांडायला एखाद्या कादंबरीकाराला दहा पानं लागली असती. इथे एका चौकटीत तो वायर उचलतो, पुढच्या चौकटीत मुलगा वैतागतो आणि त्या दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या फटीत जे काही आहे ते तू स्वतः भरलंस. तू रडलीस ते त्या फटीत. आता सांग, वाचन म्हणजे आणखी काय असतं?

‘भीमायन’ मात्र तू पटकन वाचलं असशील असा मला दाट संशय आहे, कारण मीही पहिल्यांदा तासाभरात संपवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्या पानावर यावं लागलं. आपल्याला लहानपणापासून अक्षरांवरून डोळा पळवायची सवय, त्यामुळे आपण फक्त संवाद वाचत सुटतो आणि चित्रं नुसती बाजूने जातात. तर असं कर, भाचीला पुस्तक परत द्यायच्या आधी एकदा एकही शब्द न वाचता ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघ. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम हे परधान गोंड चित्रकार, त्यांनी चौकटी काढल्याच नाहीत, पानावरून त्यांची ती नक्षी फिरते आणि तीच प्रसंग वेगळे करते. माणसं डब्यात कोंबलेली नकोत, मोकळ्यावर हवीत, असं त्यांचं म्हणणं. आणि संवादांचे फुगे बघ! मायेने बोलणाऱ्याचा, सोसणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि ज्याच्या बोलण्यात विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्यात डोळा. म्हणजे शब्द वाचायच्या आधीच तुला कळतं की हे बोलणं डसणारंय.

‘भीमायन’ म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्याची गोष्ट, आणि त्यात त्यांच्या लहानपणीची ती मसूर स्टेशनची गोष्ट आहे. १९०१ च्या सुमाराला साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली लहान मुलं, स्टेशनवर घ्यायला कुणी नाही, जात कळल्यावर गाडीवाले यायला तयार नाहीत, शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी मुलांनीच हाकायची असं ठरतं, आणि बरोबर डबा आहे पण रात्रभर प्यायला पाणी नाही. मसूर आपल्या कराडजवळचं. कोल्हापूर-मिरजेकडे जाताना आपण त्या बाजूने किती वेळा गेलेलो असतो. मी ते पुस्तक वाचल्यापासून तिथून जाताना पाण्याची बाटली हातात घेतली की ती मुलं आठवतात, आणि मला ती आठवायला हवीत.

‘चित्रांची पुस्तकं मुलांसाठी’ म्हणणाऱ्या मैत्रिणीशी वाद घालत बसू नकोस, तिला पिंगुळीबद्दल सांग. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यानपिढ्या रामायण-महाभारतातल्या कथांच्या चित्रांच्या पोथ्या घेऊन बसत, एक चित्र पुढे धरायचं, गायचं, सांगायचं, मग दुसरं. समोर सगळा गाव, आणि त्यात म्हातारीकोतारी माणसंही. एकामागून एक चित्र लावून मोठ्यांना गोष्ट सांगणं आपल्याकडे परदेशातून आलेलं नाहीये. ती विसरलीये, आठवण करून दे, प्रेमाने. आणि तिला पुस्तक द्यायचंच असेल तर ओरिजित सेनचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ दे. १९९४ साली आलं, भारतातलं पहिलं ग्राफिक नॉव्हेल म्हणून त्याचं नाव घेतात, बरीच वर्षं मिळतच नव्हतं आणि २०२२ साली पुन्हा छापलं गेलं. नर्मदेवरच्या धरणाची गोष्ट, एका बाजूने एक तरुण पत्रकार आणि दुसऱ्या बाजूने आदिवासी गायक नदीच्या जन्माची कथा गातोय. धरणात गेलेल्या गावांत आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलीही गावं होती, अक्कलकुवा-धडगावकडची, तुमच्या नाशिक विभागातली. ते वाचून ती मुलांसाठी आहे म्हणाली तर मला कळव.

आता ‘ले मिझेराब्ल’.

नि., तू अकराव्या प्रकरणावर अडकलीस असं लिहिलंयस आणि ते वाचून मला एकदम हळहळ वाटली, कारण म्हणजे तू दहावं प्रकरण ओलांडलंयस! दहावं आठवतं? गावाबाहेर एकटा राहणारा, मरायला टेकलेला तो जुना क्रांतिकारक, ज्याच्याकडे कुणी जात नाही, आणि बिशप मिरिएल, म्हणजे तुझे ते पाद्रीबुवा, मनात अढी ठेवूनच त्याच्याकडे जातो. वाद होतो. राजाच्या मुलासाठी रडायचं असेल तर गरिबांच्या मुलांसाठीही रडा असं तो म्हातारा सुनावतो. आणि प्रकरणाच्या शेवटी आशीर्वाद द्यायला गेलेला बिशप गुडघे टेकून त्याच्याकडेच आशीर्वाद मागतो. माझ्या मते त्या अख्ख्या पुस्तकातल्या पाच सगळ्यात मोठ्या जागांपैकी ही एक आहे, आणि सारांशात ती नसते, कारण कथानकाला तिचा काही उपयोग नाही. तू ती वाचलीयेस. पुण्याच्या मैत्रिणीशी बोलायला एवढं एक प्रकरण तुझ्याकडे होतं आणि तू त्याऐवजी नेटवरचा सारांश बोललीस!

‘पाद्रीबुवांचं वर्णन संपतच नाही’ हे खरंय, चौदा प्रकरणं आहेत त्यांची, आणि ज्यां वालज्यां, ज्याच्यासाठी आपण पुस्तक हातात घेतो, तो त्यांत नाहीच. पण सहाव्या प्रकरणात त्या घरात काय काय आहे याची यादी आली होती बघ. सगळं वाटून टाकलेल्या माणसाने फक्त काही चांदीचे काटे-चमचे आणि आजीच्या बहिणीकडून आलेले चांदीचे दोन शमादान ठेवलेत, चांदीच्या चमच्याने जेवणं सोडणं मला अवघड जाईल असं तो स्वतःच म्हणतो. पुढे काय होतं ते तुला सारांशातून माहितीये. पण ती चांदी त्या माणसाला किती प्रिय होती ते माहीत असल्याशिवाय पुढच्या त्या रात्रीला वजन येत नाही. ह्यूगो ते वजन चौदा प्रकरणं भरत बसलाय. त्याला घाई नव्हती, हद्दपार होऊन बेटावर राहत होता, १८६२ साली पुस्तक आलं तेव्हा पाच भाग झाले.

तुझी चूक एवढीच की तू ‘माउस’च्या स्पीडने हे वाचायला बसलीस, शनिवारी दोन तास काढून शंभर पानं उडवू असं. ते पुस्तक तसं वाचलं की माणूस दमतो आणि दमला की वाटतं आपल्यातच काहीतरी कमीये. त्यात प्रकरणं आहेत ३६५. बरोबर वर्षाच्या दिवसांइतकी, आणि बरीचशी छोटी छोटी. दिवसाला एक. सकाळच्या चहाबरोबर किंवा रात्री फोन चार्जिंगला लावल्यावर. कादंबऱ्या अशा हप्त्याहप्त्याने वाचणं आपल्या आजी-पणजीच्या काळात नेहमीचंच होतं, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून येत होती, लोक यमूचं पुढे काय झालं म्हणून पुढच्या अंकाची वाट बघायचे. एकदम सगळं गिळायचं हे खूळ आत्ताचं आहे.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवते. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वॉटर्लूची लढाई येईल, १९ प्रकरणं, तिथे बरेच जण पुस्तक ठेवून देतात. तिथली घोडदळ-तोफांची वर्णनं कंटाळवाणी झाली तर बिनधास्त भरभर चाळ, मी परवानगी देते, पण एकोणिसावं मात्र नीट वाच. लढाई संपलेल्या रात्री एक माणूस मेलेल्या सैनिकांचे खिसे तपासत फिरतोय, आणि त्याचं नाव पुढे कामाला येणार आहे.

तर सोडून देऊ का याचं उत्तर, नाही, सोडू नकोस. एखादं पुस्तक सोडणं हा गुन्हा आहे असं मी अजिबात मानत नाही, मी कितीतरी सोडलीत. पण हे तुला नावडलेलं नाही, तू फक्त चुकीच्या वेगाने गेलीस. महिनाभर रोज एक प्रकरण वाचून बघ, तरीही ओढ लागली नाही तर साने गुरुजींचं ‘दु:खी’ शोध. ते याच कादंबरीचं मराठी रूप आहे आणि गुरुजी आणि हा बिशप एकाच मातीचे. तुमच्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथे जाऊन विचार.

फॅन्टसीवाल्या मैत्रिणीबद्दल तू फक्त तक्रार केलीस, प्रश्न विचारला नाहीस, तरी सांगते. चौदा खंडांची म्हणजे ती ‘व्हील ऑफ टाइम’ वाचत असणार बहुतेक, पहिला खंड १९९० चा आणि शेवटचा २०१३ चा, मधे २००७ मध्ये लेखक रॉबर्ट जॉर्डन गेला आणि त्याने ठेवलेल्या टिपणांवरून दुसऱ्या लेखकाने, ब्रँडन सँडरसनने, ती पूर्ण केली. आठव्या खंडावर असलेल्या माणसाला ‘गोष्ट काय आहे’ असं कधीच विचारू नये, कारण ती सांगताच येत नाही, नावांचा ढीग पडतो आणि ऐकणाऱ्यांचे डोळे मिटायला लागतात. तिला विचार, ‘तिथे जादू करणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते?’ बघ ती कशी बोलायला लागते. त्या जगात पुरुषांच्या वाट्याची शक्ती नासलेली आहे, जो वापरेल तो हळूहळू वेडा होतो, आणि ज्याने जग वाचवायचंय तो पुरुषच आहे. आता एकही नाव माहीत नसताना तुला त्या पोराची काळजी वाटायला लागली की नाही? फॅन्टसी ऐकायची ती अशी, नियम आणि किंमत विचारायची.

आणि तुला स्वतःला त्या दालनात पाऊल टाकायचं असेल तर चौदा खंडांकडे बघूही नकोस, उर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ घे, १९६८ चं, दोनेकशे पानांचं. त्यात प्रत्येकाला एक खरं नाव असतं, ते कुणाला सांगायचं नाही, कारण ज्याला तुमचं खरं नाव कळलं त्याच्या हातात तुम्ही गेलात. अगदी जिवाभावाच्या माणसालाच ते सांगायचं. मी ते वाचत होते तेव्हा मला सारखी माझी आजी आठवत होती, जिने जन्मात कधी आजोबांचं नाव घेतलं नाही, घ्यायची वेळ आलीच तर उखाण्यात गुंडाळून, आणि मग मान खाली घालायची. नावात ताकद असते हे तिला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं. त्यामुळे फॅन्टसी परकी वाटते असं आपल्यातलं कुणी म्हणालं की मला पटत नाही. आपण ‘चांदोबा’तल्या विक्रम-वेताळावर वाढलोत, आपल्या आधीची पिढी नाथमाधवांच्या ‘वीरधवल’वर. नावं परकी असतात, आतला ऐवज नाही.

आता शेवटचा प्रश्न, खरं कसं सांगू. इथे मला तुझ्याशी जरा स्पष्ट बोलायचंय, रागावू नकोस.

तू पत्रात हे असं लिहिलंयस की जणू तू स्वतःची लाज वाचवायला छोटंसं खोटं बोललीस आणि त्याचा त्रास फक्त तुलाच झाला. पण पुण्याच्या मैत्रिणीकडे बघ ना. ‘दोघी मिळून वाचू’ असं तू तिला म्हणालीस. चार महिने तिला वाटतंय की त्या एवढ्या जाड पुस्तकात आपल्याबरोबर अजून कुणीतरी चालतंय. ती तिला आवडलेली एखादी जागा सांगते आणि तू तिला सारांशातलं वाक्य परत देतेस. तिला ते कळलं नसेल असंही नाही, कदाचित तिला वाटत असेल की हिला ते पुस्तक माझ्याइतकं भिडलं नाही. म्हणजे तू तिला त्या पुस्तकात एकटीला सोडून आलीस आणि सोडलंय हे सांगितलंही नाहीस. मला यातलं एवढंच खुपलं. न वाचण्याचं काहीच नाही.

म्हणून हे पाचजणींसमोर कॉलवर सांगू नकोस. तिला एकटीला सांग, आणि कॉलच्या आधी सांग. मोठा माफीनामा लिहू नकोस, तो वाचून तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. एवढंच पुरे : ‘मी अकराव्या प्रकरणाच्या पुढे गेलेच नाहीये, चार महिने सारांश वाचून बोलत होते, सॉरी. पण दहावं मी खरंच वाचलंय, त्याबद्दल बोलायचंय.’ आणि मग त्या मरणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल बोल. ती रागावेल थोडी, रागावू दे, तिचा हक्क आहे. तू मागे आहेस म्हणून ती थांबणार नाही आणि थांबावं अशी अपेक्षाही धरू नकोस, पण तू रोज कितव्या प्रकरणावर आहेस तो नुसता आकडा तिला पाठवत जा. बाकी काही लिहायला नको. ती समजेल.

आणि कॉलवर तुझी पाच मिनिटं आली की ‘माउस’ सांग. पुस्तक थोर का आहे, पुरस्कार कुठला मिळाला, हे नको. ज्या पानावर रडू आलं ते पान कॅमेऱ्यासमोर धर, एक मिनिट कुणी काही बोलू नका म्हणून सांग आणि सगळ्यांना ते बघू दे. त्या चित्रांवर मुलांसाठी म्हणणाऱ्या मैत्रिणीलाही एक मिनिट बघावंच लागेल. नंतर त्यांना विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ची आठवण करून दे, १९३९ सालची मराठी कादंबरी, युरोपातून निघालेली बोट, त्यावर जर्मनीतून पळालेले ज्यू लोक, हर्टा आणि चक्रधर. छळछावण्यांचं सगळं जगाला कळायच्या कितीतरी आधी आपल्या भाषेत एका लेखकाने त्या लोकांना डेकवर उभं असलेलं बघून ठेवलंय. शंभरेक पानांचं पुस्तक आहे. पाचही जणींनी एका महिन्यात वाचण्यासारखं, आणि तुमच्यात फॅन्टसीवाली, क्लासिकवाली, चित्रंवाली असे जे कप्पे पडलेत ते महिनाभर तरी बाजूला राहतील.

तुझ्या पुढे आता अकरा, बारा, तेरा आणि चौदा एवढीच प्रकरणं आहेत, बारावं तर अगदीच लहान आहे. मग १८१५ चा ऑक्टोबर, सूर्य मावळायला तासभर आहे, आणि एक माणूस पायी चालत त्या गावात शिरतो. तिथे पोचलीस की तिला आकडा पाठव, आणि मलाही.